'दी' नावांचा प्रश्न : फ्रेंच कॅनडातील वसाहतकारांची कुलनामे व वंशशोध

सेंट लॉरेन्स नदीच्या काठच्या एखाद्या जुन्या चर्चमधील अठराव्या शतकाची नोंदवही उघडली, तर तिच्यात एक विशेष प्रकार वारंवार आढळतो. बाप्तिस्मा, विवाह किंवा दफन यांच्या नोंदीत माणसाचे व्यक्तिनाम येते, त्यापुढे कुलनाम येते, त्यानंतर 'दी' हा शब्द येतो आणि त्यापुढे आणखी एक कुलनाम येते. बापाच्या नोंदीत पहिले कुलनाम प्रमुख असते. मुलाच्या नोंदीत कधी दोन्ही असतात, कधी केवळ दुसरेच असते. नातवाच्या नोंदीत पहिल्याचा मागमूसही उरत नाही. ज्या संशोधकास केवळ आडनावाच्या आधाराने वंश मागे नेत जावयाचे असेल, त्याचा धागा येथेच तुटतो. हा 'दी' म्हणजे 'म्हणणे' या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदाचे कर्मणि भूतकालवाचक धातुसाधित होय. 'म्हटला जाणारा' हा त्याचा शब्दार्थ. स्त्रीच्या नावापुढे त्याचे रूप 'दीत' असे होते. मराठी दप्तरांतील 'ऊर्फ' या शब्दाचे काम तो जवळजवळ तंतोतंत करतो, असे म्हणण्यास हरकत नाही. फरक एवढाच की, आपल्याकडील 'ऊर्फ' बहुधा त्या व्यक्तीबरोबर संपतो; कॅनडातील 'दी' मात्र पिढ्यानुपिढ्या चालत राहिला व पुष्कळ ठिकाणी मूळ नावालाच गिळून बसला.

या नोंदवह्या इतक्या तपशीलवार का आहेत, हे प्रथम पाहिले पाहिजे. फ्रान्समध्ये १५३९ च्या विलेर-कोत्रे येथील राजाज्ञेने बाप्तिस्म्यांच्या नोंदी ठेवणे पाद्र्यांस बंधनकारक झाले. १५७९ च्या ब्लवा येथील आज्ञेने विवाह व दफन यांचाही त्यात समावेश झाला. १६६७ च्या आज्ञेने नोंदी दोन प्रतींत ठेवून एक प्रत न्यायालयाकडे देण्याचा दंडक पडला. शांप्लें याने १६०८ मध्ये क्वेबेकची स्थापना केली, तेव्हा ही पद्धत वसाहतकारांबरोबर तेथे गेली. प्रारंभीचा काळ मात्र सुदैवी नव्हता. १६४० मध्ये क्वेबेकचे चर्च आगीत भस्मसात झाले व त्यासोबत पहिल्या दोन दशकांच्या नोंदीही गेल्या. त्या नंतर लोकांच्या आठवणींवरून पुन्हा लिहून काढण्यात आल्या. वसाहत लहान होती म्हणूनच हे शक्य झाले. १६६६ मध्ये इंतांदां झां तालों याने जी जनगणना केली, तीत फ्रेंच वसाहतकारांची संख्या ३,२१५ एवढीच भरली. फ्रेंच अंमलाच्या सुमारे दीडशे वर्षांत तेथे येऊन कायमचे स्थायिक झालेल्यांची संख्याही दहा हजारांच्या आतबाहेरच असावी. आजच्या फ्रेंच कॅनेडियन समाजाचा फार मोठा भाग या मूठभर माणसांपासून निपजलेला आहे. या कारणामुळे तेथे वंशशोध हा केवळ हौशी माणसांचा छंद राहिला नाही.

आता मूळ कुलनामांकडे वळू. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये कुलनामे वंशपरंपरागत होऊन काही शतके लोटली होती, यास्तव त्यांचा शब्दार्थ माणसाच्या स्थितीशी जुळेलच असे नाही. झाकारी क्लूतिए हा पेर्श प्रांतातून १६३४ मध्ये आला. त्याच्या कुलनामाचा अर्थ 'खिळे घडविणारा' असा आहे. हा गृहस्थ मात्र सुतार होता. त्याला अक्षरओळख नव्हती; सहीच्या जागी तो कुऱ्हाडीची आकृती काढीत असे. १८०० पूर्वी विवाह झालेल्या त्याच्या वंशजांची गणना माँट्रिअल विद्यापीठातील लोकसंख्याशास्त्रज्ञांनी १०,८५० अशी केली आहे. वसाहतीच्या मूळ पुरुषांत ही संख्या सर्वांत मोठी होय. त्याच पेर्श प्रांतातून आलेला प्येर त्रांब्ले याने १६५७ मध्ये क्वेबेक येथे ओझान आशों हिच्याशी विवाह केला, आणि आज क्वेबेकमध्ये सर्वाधिक आढळणारे त्रांब्ले हे आडनाव धारण करणारे झाडून सारे लोक या एकाच दांपत्याचे वंशज समजले जातात. याच्या उलट 'र्वा' (राजा) या आडनावाचे मूळ पुरुष अनेक असून त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. आडनाव एक म्हणून रक्त एक आणि आडनाव भिन्न म्हणून रक्त भिन्न, ही दोन्ही गृहीतके कॅनडात सारखीच फसवी ठरतात.

दुसरे गृहीतक फसवे ठरविण्याचे काम मुख्यत्वे 'दी' नावांनी केले. या नावांचे उगम अनेक आहेत. काही नावे मूळ प्रांतावरून पडली : आंजू प्रांताचा तो लांजव्हें, पिकार्दीचा तो पिकार, प्वातूचा तो प्वात्व्हें. काही शरीरावरून किंवा स्वभावावरून पडली. काही जमिनीवरून, म्हणजे शेताजवळच्या ओढ्यावरून, टेकडीवरून वा झाडांवरून आली. पण सर्वांत मोठा व सर्वांत रंगतदार वर्ग लष्करी नावांचा आहे. फ्रेंच सैन्यात भरती होणाऱ्या शिपायास एक 'युद्धनाम' देण्याची रूढी होती. एकाच तुकडीत पाचसहा 'झां' असले, तर त्यांना वेगळे ओळखण्यास त्याचा उपयोग होई. पळून गेलेल्या शिपायाचा शोध घेण्यासही होई. १६६५ मध्ये कारिन्यां-सालिएर ही पलटण इरोक्वा लोकांशी लढण्यासाठी कॅनडात आली. तिच्या बाराशेंवर शिपायांपैकी सुमारे चारशे तेथेच राहिले. पुढे नाविक खात्याच्या तुकड्यांतूनही असे शिपाई वसाहतीत मिसळत गेले. त्यांची युद्धनामे वाचताना छावणीतील थट्टामस्करीच ऐकू येते. लाफ्लर (फूल), लारोझ (गुलाब), लात्युलिप ही फुलांची नावे राकट शिपायांना दिलेली. सां-सूसी म्हणजे बिनघोर, सां-रग्रे म्हणजे ज्याला कशाचीच खंत नाही असा. जोलिकर म्हणजे दिलखुलास, व्हादबोंकर म्हणजे मनापासून पुढे जाणारा, त्रांशमोंतान्य म्हणजे डोंगर चिरणारा. शिपाई शेतकरी झाला, त्याच्या बंदुकीला गंज चढला, पण डोंगर चिरणारा हा शब्द त्याच्या पणतवंडांच्या बाप्तिस्म्यापर्यंत जाऊन पोहोचला. एक गोष्ट येथे ध्यानात ठेवावी. 'लाफ्लर' हे नाव शेकडो असंबद्ध शिपायांस मिळाले असल्यामुळे दोन लाफ्लर घराण्यांत नाते शोधू जाणे बहुधा व्यर्थ होय.

'दी' नाव घराण्याच्या शाखा कशा पाडते, याचे मिव्हिल कुलाचे उदाहरण फार बोलके आहे. प्येर मिव्हिल हा स्वित्झर्लंडमधील फ्रीबुर येथील असल्यामुळे त्याला लोक 'ल स्विस' म्हणत. त्याचा पुत्र झाक यास मात्र 'देशेन' हे उपनाम लागले. 'शेन' म्हणजे ओक वृक्ष. बापाचे उपनाम जन्मदेशाकडे पाहते, मुलाचे उपनाम नव्या भूमीकडे पाहते. झाकच्या वंशजांत काही मिव्हिल राहिले, काही 'मिव्हिल दी देशेन' झाले, बहुतेकांनी पुढे केवळ 'देशेन' एवढेच ठेवले; आणि दप्तरांत 'देशेन दी मिव्हिल' असा उलटा क्रमही आढळतो. हा उलटा क्रम भाषादृष्ट्या महत्त्वाचा आहे. 'दी' च्या डावीकडे असलेले नाव ते खरे आणि उजवीकडचे ते टोपणनाव, हा नियम बोलणाऱ्यांच्या मनातून पुसला गेला होता व दोन्ही नावे समान पातळीवर आली होती, असे त्यावरून स्पष्ट होते.

सोरेल परिसरातील यू घराण्याची कथा याहून विचित्र आहे. मूळ पुरुषाचे नाव पोल, कुलनाम यू. एकाक्षरी कुलनाम उच्चारात टिकाव धरीना. लोक व्यक्तिनाम व कुलनाम एका दमात उच्चारू लागले व 'पोल्यूस' असे एकच जोडनाव घडून ते वंशजांचे आडनाव बनले. इतर शाखांना कुर्न्वाये, लात्राव्हेर्स अशी निराळीच नावे पडली. ही सर्व घराणी एका पुरुषाची संतती आहे, असे त्यांच्या आजच्या नावांवरून कोणासही वाटणार नाही.

ही रूढी फ्रान्समध्ये का टिकली नाही आणि कॅनडात का टिकली, या प्रश्नाचे उत्तर राजकीय इतिहासात आहे. क्रांतीनंतर फ्रान्सने २३ ऑगस्ट १७९४ रोजी कायदा करून जन्मनोंदीत असेल त्याहून वेगळे नाव धारण करण्यास बंदी घातली. परंतु १७६३ च्या पॅरिसच्या तहाने कॅनडा ब्रिटिशांकडे गेला असल्यामुळे हा कायदा तेथे लागूच झाला नाही. इंग्रज राज्यकर्त्यांनी फ्रेंच पाद्र्यांच्या नोंदवह्यांत फारसा हात घातला नाही. अशा रीतीने मातृदेशात मोडलेली रीत वसाहतीत आणखी शंभर वर्षे नांदली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शाळा, मतदार याद्या व सरकारी कामकाज यांच्या रेट्याने प्रत्येक घराने दोहोंपैकी एक नाव निवडले. पण सख्ख्या भावांनी एकच नाव निवडले असेल, अशी खात्री मात्र नाही.

व्यक्तिनामांचा साठा अत्यंत तोकडा होता, ही दुसरी अडचण. बाप्तिस्म्याचे नाव संताचे असावे, असा चर्चचा आग्रह असे. बिशप सें-वालिए याच्या १७०३ च्या विधिग्रंथास ग्राह्य नावांची यादीच जोडलेली आहे. नाव ठेवण्याचा मान प्रायः धर्मपिता व धर्ममाता यांचा असे आणि ते बहुधा स्वतःचेच नाव बालकास देत. १६२४ मध्ये संत जोसेफ हा कॅनडाचा संरक्षक मानला गेला होता, त्यामुळे झोझेफ, झां-बातिस्त, मारी, मारी-झोझेफ यांची गर्दी झाली. एकोणिसाव्या शतकात तर प्रत्येक मुलाच्या नावास आरंभी 'झोझेफ' व प्रत्येक मुलीच्या नावास 'मारी' लावण्याची, मग धर्मपित्याचे वा धर्ममातेचे नाव घालण्याची आणि शेवटी हाक मारण्याचे नाव ठेवण्याची पद्धत रूढ झाली. मूल दगावले, तर त्याचेच नाव पुढच्या अपत्यास देत. ज्या नोंदीत संशोधकास एकच माणूस दिसतो, तेथे वस्तुतः दोन भावंडे असतात. त्यांपैकी एक पाळण्यातच गेलेले असते. जन्मताच बालक अत्यवस्थ असल्यास सुईण किंवा घरचा कोणी पाणी शिंपडून तातडीचा बाप्तिस्मा उरकी. अशा बालकाच्या दफनाच्या नोंदीत पुष्कळदा नावच नसते.

एकाच धर्मग्रामात एकाच वेळी चार झां-बातिस्त, आणि त्यांतील प्रत्येकाची दोन कुलनामे, अशा स्थितीत वंशशोध शक्यच कसा होतो? याचे उत्तर पुरुषांच्या नावांत नाही. स्त्रियांच्या नावांत आहे. फ्रेंच वसाहतीत स्त्री विवाहानंतरही कायदेशीर कागदोपत्री आपले माहेरचेच कुलनाम धारण करीत असे. नोटरीपुढील विवाहकरार, मालमत्तेच्या याद्या, मुलांचे बाप्तिस्मे, स्वतःचे दफन, या सर्वांत ती अमक्याची पत्नी वा विधवा म्हणून नोंदली जाई, परंतु तिचे नाव जन्माचेच राही. विवाहानंतर कुलनामच नव्हे तर प्रसंगी व्यक्तिनामही बदलणारी आपल्याकडील चाल ज्याच्या अंगवळणी पडली आहे, त्यास याचे महत्त्व ताबडतोब जाणवेल. समजा, एका नोंदीत बाप 'मिव्हिल' आहे, दुसरीत 'देशेन' आहे व तिसरीत दोन्ही आहे. पण तिन्ही ठिकाणी मुलांच्या आईचे नाव एकच आहे, तर बापही एकच असणार, असे अनुमान निघते. यामुळे फ्रेंच कॅनडाच्या वंशशास्त्रात शोधाचे परिमाण व्यक्ती नसून दांपत्य हे आहे. विवाहाच्या नोंदीत वधूवर दोहोंच्या मातापित्यांची नावे दिलेली असतात. म्हणून एका विवाहावरून मागच्या दोन विवाहांकडे, तेथून मागच्या चार विवाहांकडे, अशी ही वाट मागे जाते. पाद्री सिप्रियें तांगे याने १८७१ ते १८९० या काळात सात खंडांचा जो वंशकोश रचला, त्याचीही मांडणी याच तत्त्वावर आहे. त्यात चुका आहेत, आणि पुढील अभ्यासकांनी त्या दाखविल्याही. परंतु एकट्या माणसाने धर्मग्रामोधर्मग्राम फिरून केलेल्या त्या कामापुढे त्या चुका क्षुल्लक वाटतात.

झाक मिव्हिल याची पत्नी कातरीन द बायों हीच याचे उत्तम उदाहरण होय. १६६३ ते १६७३ या काळात राजाच्या खर्चाने विवाहार्थ पाठविलेल्या सुमारे ७७० तरुणींपैकी, म्हणजे 'राजकन्यां'पैकी, ती एक. १६६९ मध्ये तिचा विवाह झाला. तिच्या पतीच्या कुळाचे नाव दोनदा बदलले. पण तिचे माहेरचे नाव कागदोपत्री जसेच्या तसे राहिल्यामुळे तिच्या पूर्वजांचा माग फ्रान्समधील सरदार घराण्यांपर्यंत व तेथून शार्लमेन सम्राटापर्यंत नेता आला. तिचे असंख्य वंशज आज यावरून स्वतःस सम्राटाचे वंशज म्हणवितात. त्यांचे म्हणणे खोटे नाही; परंतु चाळीस पिढ्या मागे गेल्यावर तसे नसणारा युरोपीय मनुष्य शोधणेच अधिक कठीण जाईल.

नोंदींतील लेखनभेद हा भाषाभ्यासकास विशेष प्रिय असा भाग आहे. बहुतेक वसाहतकारांना सही करता येत नसे, त्यामुळे नाव कसे लिहावे हे पाद्र्याच्या किंवा नोटरीच्या कानावर अवलंबून राही. पॅरिसच्या भाषेत अंत्य 'त' अनुच्चारित होत गेला, पण कॅनडातील अनेक नावांत तो उच्चारला जात राहिला. तो उच्चार दाखविण्यासाठी लेखनात जादा अक्षरे आली. यामुळे 'वेले' चे 'वेलेत', 'पाके' चे 'पाकेत' व 'आयो' चे 'आयोत' झाले. संयुक्त संस्थानांत गेलेल्या लोकांच्या नावांवरून तर तत्कालीन उच्चारच हाती लागतो. पॅरिसमध्ये 'बन्वा' म्हणून उच्चारले जाणारे नाव तिकडे 'बेनवे' असे लिहिले गेले, कारण कॅनडाच्या शेतकऱ्याच्या तोंडी जुना 'वे' असा स्वर कायम होता.

१८४० ते १९३० या काळात सुमारे नऊ लाख फ्रेंच कॅनेडियन कापडगिरण्या व लाकूडतोडीच्या कामासाठी दक्षिणेस गेले. त्यांच्यापैकी कित्येकांच्या नावांचे भाषांतर झाले : र्वा चा किंग, लब्लां चा व्हाइट, ब्वाव्हेर चा ग्रीनवुड, मनिए चा मिलर. कूर्तमांश, म्हणजे 'आखूड बाही', या नावाचे 'शॉर्टस्लीव्ह्ज' असे शब्दशः रूपांतर झाल्याचीही नोंद आहे. मूळ कुलनाम गेले, 'दी' नाव गेले, राहिले ते भाषांतर. शिवाय सरहद्द ओलांडताच स्त्री इंग्रजी रूढीप्रमाणे पतीच्या नावाने ओळखली जाऊ लागली. वंशाच्या कुलपाची जी एकमेव खात्रीची किल्ली होती, ती अशा रीतीने तेथे हरवली.

ज्याचा मूळ पुरुष स्वतःच आपले नाव लपवून आला असेल, त्याच्या वंशजांचे काय होते, हे केरुआक घराण्यावरून दिसते. अमेरिकन कादंबरीकार जॅक केरुआक याचा जन्म १९२२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील लोवेल या गिरणगावी फ्रेंच कॅनेडियन कुटुंबात झाला. आपण ब्रिटनीच्या सरदार कुळातले आहो, ही घरची दंतकथा त्याच्या मनात घर करून होती. १९६५ मध्ये तो फ्रान्समध्ये जाऊन ग्रंथालये धुंडाळीत फिरला व त्या निष्फळ प्रवासावर त्याने पुढच्या वर्षी 'सातोरी इन पॅरिस' हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याला उत्तर मिळाले नाही, याचे कारण तो चुकीचे नाव शोधीत होता. १७३२ मध्ये काप सेंत-इन्यास येथे लुईझ बेर्निए हिच्याशी विवाह करणारा व १७३६ मध्ये मरण पावलेला हा मूळ पुरुष दप्तरांत कधी आलेक्सांद्र, कधी मोरिस-लुई, कधी ल ब्रिस या नावाने येतो. केरुआकच्या मृत्यूनंतर सुमारे तीस वर्षांनी सह्यांची तुलना करून तो वस्तुतः युएलग्वात गावच्या नोटरीचा मुलगा उर्बें-फ्रांस्वा ल बिहान असल्याचे सिद्ध झाले. गावातील एका लग्नाच्या वेळी त्याच्यावर चोरीचा आळ आला होता व त्यानंतर तो देश सोडून गेला. कुलनाम म्हणून वंशजांकडे आलेला शब्द म्हणजे 'केर्व्होआक' हे त्याच्या घराण्याने आपल्या नावास जोडलेले एका वस्तीचे नाव होय. 'केर' हे ब्रिटन भाषेत वस्तीवाचक पद आहे. म्हणजे मुलांपर्यंत पोहोचले ते बापाचे कुलनाम नव्हे, तर त्या नावाची केवळ शेपटी. येथेही धागा जुळला तो त्याच्या पत्नीच्या व मुलांच्या नोंदी अढळ होत्या म्हणून.

१९६६ पासून माँट्रिअल विद्यापीठात युबेर शार्बोनो व झाक लेगारे यांच्या नेतृत्वाखाली या सर्व नोंदी यंत्रावर घेऊन कुटुंबांची पुनर्रचना करण्याचे कार्य सुरू झाले. सागने प्रदेशासाठी असेच काम पुढे इतिहासकार झेरार बुशार यांनी हाती घेतले. त्या कामास केवळ ऐतिहासिक मूल्य नाही. या प्रदेशात टायरोसिनेमिया नावाचा यकृताचा आनुवंशिक रोग असामान्य प्रमाणात आढळतो. तेथे सुमारे दर वीस-बावीस माणसांमागे एक त्याचा वाहक असतो. रोगाचा वारसा कोणत्या दांपत्यांकडून आला, हे ठरविताना 'मिव्हिल' व 'देशेन' ही दोन कुळे धरावयाची की एक, हा प्रश्न वैद्यकाचा प्रश्न होऊन बसतो.

या दप्तरांत एक वर्ग मात्र असा आहे, की ज्याला 'दी' नावही लाभले नाही. इतिहासकार मार्सेल त्रुदेल याने १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात फ्रेंच कॅनडातील गुलामांची गणना केली. पुढील संशोधनाने ती संख्या सुमारे ४,२०० झाली; त्यांतील जवळजवळ दोनतृतीयांश मूळ अमेरिकन वंशाचे होते व उरलेले आफ्रिकन वंशाचे. त्यांचाही बाप्तिस्मा होई, धर्मपित्याचे नावही मिळे. परंतु ज्या ठिकाणी इतरांचे कुलनाम यावयाचे, तेथे बहुधा 'पानी' एवढाच शब्द असतो. मूळचा पॉनी जमातीवरून आलेला हा शब्द तोपर्यंत मूळ अमेरिकन वंशाच्या गुलामाचा वाचक झाला होता. मातापित्यांच्या नावांची जागा बहुधा रिकामी असते व तिच्या शेजारी मालकाचे नाव पूर्ण, उपनामासह, लिहिलेले असते.